दीनी शिक्षण घेणाऱ्या मुलांची ओढ टिकवण्यासाठी समुपदेशनाची तंत्रे कितपत उपयोगी पडतात?

अलिफपासून (धागा सुरू करणारे)

मी गेली अकरा वर्षे मुलांना कुरआनचे पठण, तजवीद (शुद्ध उच्चाराचे नियम) आणि प्राथमिक फिक्ह (धार्मिक आचारनियम) शिकवतो. हिफ्ज करणारी, म्हणजे संपूर्ण कुरआन मुखोद्गत करणारी काही मुलेही माझ्याकडे असतात. यांतली पहिली सात वर्षे माझी अशी पक्की समजूत होती की मुलाचे मन अभ्यासात लागत नसेल, तर त्याला त्या अभ्यासाचे महत्त्व पटलेले नाही आणि ते पटवून देणे हे उस्तादाचे काम आहे. त्यामुळे मी पटवून देत असे. मुले मान डोलावत, आणि दुसऱ्या दिवशी सबक, म्हणजे नवा पाठ, तितकाच कच्चा असे. पुढे समुपदेशनाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केला, तेव्हा लक्षात आले की इतक्या वर्षांत मी एकाही मुलाला त्याची अडचण पूर्ण सांगू दिलेली नव्हती.

एक उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. तेरा वर्षांच्या एका मुलाचे कुरआनच्या तीस पाऱ्यांपैकी (भागांपैकी) सात पारे झाले होते आणि त्यानंतर दोन महिने त्याचा सबक पुढे सरकत नव्हता. हाफिजाचा (संपूर्ण कुरआन मुखोद्गत असलेल्याचा) दर्जा, आईवडिलांचा सन्मान, आखिरतमधील (परलोकातील) मोबदला हे सारे मी त्याला दोनदा ऐकवले होते. तिसऱ्यांदा ऐकवण्याऐवजी मी त्याला विचारले, "हिफ्ज पुढे न्यावा असे तुला आज किती वाटते? अजिबात नाही म्हणजे शून्य आणि मनापासून म्हणजे दहा, तर तू कुठे आहेस?" तो म्हणाला, "चार." माझ्या जुन्या सवयीने पुढचा प्रश्न "चारच का?" असा आला असता. त्याऐवजी मी म्हणालो, "दोन का नाही?" तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "उस्ताद, पठण करताना बरे वाटते. नवीन पाठही होतो. पण मागचे निसटत चालले आहे. पाठ केलेले विसरणे हे गुनाह आहे असे ऐकले आहे, म्हणून मंजिल (जुन्या पाठांची उजळणी) ऐकवायची वेळ आली की पोटात गोळा येतो. नवीन काही घेतलेच नाही तर विसरायलाही काही उरणार नाही, असे वाटते."

दोन महिने मी त्या मुलाला आळशी समजत होतो. खरे पाहता तो घाबरलेला होता, आणि मी सांगितलेल्या प्रत्येक थोर गोष्टीने त्याची भीती वाढतच होती, कारण दर्जा जितका मोठा तितके त्यावरून घसरणेही मोठे. आम्ही नवा सबक निम्म्यावर आणला आणि मंजिलचे छोटे तुकडे केले. बांधलेला उंट दोर सोडवून निसटतो त्याहूनही जलद कुरआन स्मरणातून निसटतो, म्हणून त्याची उजळणी करीत राहा, या आशयाची हदीस (पैगंबरांच्या वचनाची नोंद) बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. ती मी त्याला सांगितली, पण धमकी म्हणून नव्हे. विसरण्याचा अनुभव सर्वांचाच असतो आणि म्हणूनच उजळणी सांगितली गेली, एवढाच अर्थ मी त्याच्यापुढे ठेवला.

माझा प्रश्न असा आहे. धार्मिक शिक्षणात ही तंत्रे वापरणाऱ्या इतरांचा अनुभव काय आहे, आणि त्यांची मर्यादा कुठे येते?

शंकेखोर

अनुभव प्रांजळपणे मांडला आहे, तरी मूलभूत आक्षेप नोंदवतो. समुपदेशनात उद्दिष्ट कोणी ठरवायचे, तर समोरच्या व्यक्तीने. इथे उद्दिष्ट आधीच ठरलेले आहे: मुलाने सबक पुढे न्यावा. मग "शून्य ते दहा" हा प्रश्न खरोखर ऐकण्यासाठी आहे, की मुलाच्याच तोंडून हवे ते वदवून घेण्यासाठी? पूर्वी छडी होती, आता गोड आवाज आहे. पण मुलाला "नाही" म्हणण्याची मुभा दोन्ही वेळा नाहीच, असे मला वाटते. उलट छडीचा प्रामाणिकपणा असा की ती छडी आहे हे मुलाला निदान कळत तरी असे.

मनाचिये_वाटा

मी व्यवसायाने समुपदेशक आहे आणि शंकेखोर यांचा आक्षेप मला अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवणारा वाटतो, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

धागाकर्त्यांनी वापरलेला प्रश्न प्रेरणादायी मुलाखत या पद्धतीतून आलेला आहे. विल्यम मिलर यांनी १९८३ साली मद्यपानाची समस्या असलेल्या लोकांच्या संदर्भात ती प्रथम मांडली आणि १९९१ मध्ये स्टीफन रोलनिक यांच्यासह तिच्यावर पुस्तक लिहिले. कार्ल रॉजर्स यांच्या व्यक्तिकेंद्री समुपदेशनाहून ती एका बाबतीत वेगळी आहे: तिला दिशा असते आणि ती दिशा ती लपवत नाही. बदलाच्या उंबरठ्यावरच्या माणसाच्या मनात दोन्ही बाजू एकाच वेळी नांदत असतात, हे तिचे मुख्य निरीक्षण आहे. करावेसे वाटते आणि नकोसेही वाटते. अशा वेळी समोरच्याने "कर" ही बाजू उचलून धरली, की त्या माणसाच्या वाट्याला केवळ "नको" ही बाजू उरते आणि तो तिचीच वकिली करू लागतो. दुसऱ्याची चूक दिसताक्षणी ती सुधारण्याची जी ऊर्मी शिक्षकाच्या, पालकाच्या आणि धर्मोपदेशकाच्या अंगी मुरलेली असते, तिला आवर घालणे हे या पद्धतीचे पहिले आणि सर्वांत अवघड काम. "दोन का नाही?" या प्रश्नाची करामत एवढीच की मुलाला स्वतःच्या ओढीची बाजू स्वतः मांडावी लागते.

आता हा डाव आहे का? शिक्षकाने आपली इच्छा लपवली, तर निश्चितच आहे. "तू पुढे जावेस असे मला वाटते, पण निर्णयाआधी तुझे म्हणणे मला समजून घ्यायचे आहे, आणि तू थांबायचे म्हणालास तरी आपण बोलू शकतो," असे आधीच सांगितले, तर मुलाला मैदान दिसते. "नाही" हे उत्तर ऐकण्याची ज्याची तयारी नाही, त्याने हा प्रश्न विचारूच नये, असे मी शिक्षकांना सांगते.

आणखी एका अभ्यासाचा उल्लेख इथे उपयोगी पडेल. रायन, रिग्बी आणि किंग यांनी १९९३ मध्ये धार्मिक आचरण मनात कसे रुजते याचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. एकात माणूस अपराधभावापोटी, लाजेपोटी किंवा इतरांच्या पसंतीसाठी आचरण करतो. दुसऱ्यात त्याला त्या आचरणाचे मोल स्वतःला पटलेले असते. बाहेरून पाहणाऱ्याला दोघांचे आचरण सारखेच दिसू शकते. मानसिक स्वास्थ्याशी मात्र दुसऱ्या प्रकाराचे नाते अनुकूल आढळले आणि पहिल्याचे प्रतिकूल. त्यातील सहभागी ख्रिस्ती होते, त्यामुळे निष्कर्ष जसेच्या तसे उचलू नयेत; पण हा भेद माझ्याकडे आलेल्या मुस्लिम किशोरवयीन मुलांमध्येही मला वारंवार दिसला आहे. धागाकर्त्यांचा मुलगा नेमका या दोहोंच्या मध्ये उभा होता. पठण करताना बरे वाटणे त्याचे स्वतःचे होते आणि पोटातला गोळा बाहेरून आलेला होता.

जुना_तालिब

चर्चा वाचून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या, त्यांपैकी दुसरी पहिलीला थोडी छेद देणारी आहे.

पहिली अशी की मुलाला दरडावून शिकवणे हीच दीनी शिक्षणाची परंपरा, असा समज आपल्यातही आहे आणि बाहेरही, आणि तो अपुरा आहे. पैगंबरांचे एक सोबती मुआविया इब्न अल-हकम हे नमाज चालू असताना बोलले, आजूबाजूच्या लोकांनी त्यांच्याकडे रोखून पाहिले. नमाज संपल्यावर पैगंबरांनी ना त्यांना झिडकारले, ना मारले, ना अपशब्द वापरले, फक्त नमाजेत काय असते ते समजावून सांगितले. त्यांच्याहून चांगला शिक्षक मी आधीही पाहिला नाही आणि नंतरही नाही, ही मुआविया यांची साक्ष सहीह मुस्लिममध्ये नोंदलेली आहे. सहाबांना, म्हणजे आपल्या सोबत्यांना, कंटाळा येऊ नये म्हणून पैगंबर रोज उपदेश न करता मधले दिवस सोडून करीत, असे त्यांच्यापैकीच एक इब्न मसऊद सांगतात. इतिहासकार इब्न खल्दून यांनी १३७७ च्या सुमारास लिहिलेल्या मुकद्दिमा या ग्रंथामध्ये विद्यार्थ्यांवरील सक्तीच्या दुष्परिणामांवर स्वतंत्र प्रकरण आहे: कडक धाकात वाढलेले मूल आळशी होते आणि मनात एक व ओठांवर दुसरे ठेवायला शिकते, कारण खरे बोलण्याची त्याला भीती वाटते. धर्मपंडित गझाली (१०५८ ते ११११) शिक्षकाला सांगतात की शिष्याचा दोष शक्यतो सूचकपणे दाखवावा, कारण उघड फटकारल्याने भीड चेपते आणि हट्ट वाढतो.

दुसरी गोष्ट सावधगिरीची आहे. हल्ली प्रत्येक हदीसमध्ये एखादे आधुनिक तंत्र शोधून काढण्याची हौस वाढली आहे आणि ती मला पटत नाही. एका तरुणाने व्यभिचाराची परवानगी मागितल्याचा प्रसंग मुस्नद अहमद या हदीससंग्रहामध्ये आहे. लोक त्याच्यावर ओरडले, पैगंबरांनी मात्र त्याला जवळ बसवून विचारले, "तुझ्या आईच्या बाबतीत तुला हे आवडेल का? मुलीच्या? बहिणीच्या?" आणि शेवटी त्याच्यावर हात ठेवून दुआ केली. या प्रसंगाला कोणी निःपक्ष श्रवणाचा नमुना म्हटले, तर ते चूक ठरेल. तिथे प्रश्न दिशा देणारे आहेत, नैतिक निवाडा ठाम आहे आणि दुआही आहे. मात्र निवाडा कृत्यावर आहे, माणसाला दूर लोटलेले नाही. रॉजर्स यांच्या बिनशर्त स्वीकाराशी दीनी तरबियतीचा (संस्कारांचा) मेळ कुठे बसतो, तर तो इथे: माणूस बिनशर्त आपला, कृत्य नव्हे. यापुढे दोन्ही वाटा वेगळ्या होतात आणि त्या वेगळ्या आहेत हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

शंकेखोर

"मैदान दिसते" हा खुलासा मला पटला. जुना_तालिब यांची सावधगिरी त्याहून अधिक पटली. तरीही तेरा वर्षांच्या मुलाचा "नाही" घरात पोहोचल्यावर त्याचे काय होते, हा प्रश्न उरतोच.

दोन_मुलांची_आई

मी शिक्षिका नाही, त्यामुळे माझा प्रश्न साधा आहे. धाकट्या मुलीने एक सूरत पाठ केली की तिला छोटी भेटवस्तू मिळते. सुरुवातीला तिचा उत्साह वाढला, पण आता नवीन सूरत घेण्याआधी ती "काय मिळणार?" असे विचारते. भेट बंद करावी, तर पाठांतर थांबेल अशी भीती वाटते. शिवाय माझा नवरा म्हणतो की सवाब (सत्कृत्याचे पुण्यफळ) हेही बक्षीसच आहे, मग आपण दिलेल्या बक्षिसातच काय वाईट? याचे मला उत्तर देता आले नाही.

मनाचिये_वाटा

ताई, तुमच्या मुलीच्या बाबतीत जे घडले ते १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतील मुलांवर केलेल्या प्रयोगात दिसले होते. चित्रे काढायला आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना चित्राबद्दल प्रमाणपत्र देण्याचे आधीच कबूल केले. पुढे मोकळ्या वेळात या मुलांनी रंगीत पेनांनी चित्रे काढण्यात इतरांच्या तुलनेत सुमारे निम्माच वेळ घालवला. ज्यांना तेच प्रमाणपत्र अनपेक्षितपणे मिळाले, त्यांची आवड घटली नाही. म्हणजे भेटवस्तूपेक्षा आधी झालेला सौदा अधिक घातक ठरला. त्यामुळे भेट एकदम बंद करून मुलीला शिक्षा झाल्यासारखे वाटू देऊ नका. सौदा बंद करा. सूरत आणि भेट यांचा संबंध हळूहळू तुटू द्या आणि त्या जागी नेमके बोलणे आणा. "शाब्बास, हुशार आहेस" यापेक्षा "गेल्या आठवड्यात या आयतीवर तू अडखळत होतीस, आज सलग म्हटलीस" हे मुलाला अधिक काही देते, कारण त्यातून तिला स्वतःची प्रगती दिसते.

सवाबाच्या प्रश्नावर मात्र धर्म जाणणाऱ्यांनी लिहावे.

जुना_तालिब

सवाब आणि भेटवस्तू यांत एक ढोबळ फरक सांगता येईल. भेट देणारा माणूस समोर असतो आणि त्याने डोळे वळवले की व्यवहार संपतो. सवाबाचा हिशेब नियतीवर, म्हणजे मनातल्या हेतूवर ठरतो. कृत्ये हेतूंवर अवलंबून असतात ही बुखारीच्या संग्रहातील पहिलीच हदीस आहे. त्यामुळे सवाबाची भाषा नीट वापरली, तर ती मुलाला स्वतःच्या हेतूकडे वळवते. आपण मात्र ती पुष्कळदा गुणपत्रिकेसारखी वापरतो, इतक्या अक्षरांचे इतके गुण, आणि मग तिच्यात आणि भेटवस्तूत फारसा फरक उरत नाही. अडखळत, कष्टाने पठण करणाऱ्याला दुहेरी सवाब आहे, ही पैगंबरांच्या पत्नी आयेशा यांनी सांगितलेली हदीस तुमच्या मुलीला तिचे पठण अडखळेल त्या दिवशी सांगा. तिला लालूच दाखवण्यासाठी नको, धीर देण्यासाठी सांगा.

पाटीपेन्सिल

सर्व वाचले आणि थोडी असूया वाटली. माझ्या वर्गात पस्तीस मुले आहेत आणि दिवसाला दीड तास. एकेकाला बसवून मनातले विचारायला वेळ कुठून आणायचा?

अलिफपासून

पाटीपेन्सिल, माझ्याकडेही वेळ नव्हता. सबक ऐकताना प्रत्येक मूल तसेही दोनतीन मिनिटे आपल्यासमोर एकटे असते. मी त्यातला अर्धा मिनिट वेगळ्या प्रकारे वापरू लागलो, एवढेच. चूक दाखवण्याआधी एक प्रश्न: "आजच्या पाठात कुठला भाग सोपा गेला?" आणि शेवटी एक: "उद्याचे कधी करशील?" दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर "करीन" असे आले तर मी ते स्वीकारत नाही, "मगरिबच्या (सूर्यास्तानंतरच्या) नमाजेनंतर, जागेवरून उठण्याआधी" असे आले तर स्वीकारतो. अमुक वेळ आली की तमुक करीन, असा नेमका संकल्प नुसत्या इच्छेपेक्षा अधिक पार पडतो, हे पीटर गोलविट्झर यांनी संशोधनातून मांडले आहे, आणि नमाजेच्या पाच वेळा हे त्यासाठी आयतेच खुंटे आहेत. ज्या मुलाचे उत्तर सलग तीन दिवस उडवाउडवीचे येते, त्याच्यासाठी आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे काढतो. पस्तीस मुलांत अशी दोन किंवा तीनच निघतात.

एक चूकही सांगून टाकतो. सुरुवातीच्या उत्साहात मी एका मुलीला सर्वांसमोर "तुला काय वाटते?" असे विचारले होते. ती त्यानंतर चार दिवस आली नाही. खुला प्रश्न हा चारचौघांत विचारला की प्रश्न राहत नाही, परीक्षा होते.

शंकेखोर

आणि मुलाने सांगितले की अडचण अभ्यासाची नसून विश्वासाचीच आहे, तर? "हे सारे खरे आहे का, असे माझ्या मनात येते" असे एखाद्या सोळा वर्षांच्या मुलाने म्हटले, तर तिथे समुपदेशक बोलेल की उस्ताद?

जुना_तालिब

आमच्या मनात असे विचार येतात की ते बोलून दाखवणेही आम्हाला भयंकर वाटते, असे काही सहाबांनी येऊन सांगितले, तेव्हा "हाच तर स्पष्ट ईमान (श्रद्धा)" असे उत्तर मिळाल्याची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. म्हणजे पहिली प्रतिक्रिया घाबरण्याची किंवा घाबरवण्याची नव्हती. उस्तादाला उत्तर येत असेल तर त्याने द्यावे, येत नसेल तर शोधून सांगतो म्हणावे. पण प्रश्नाच्या पहिल्या वाक्यालाच तौबा करायला लावली, तर दुसरे वाक्य तो मुलगा आपल्यासमोर बोलणार नाही, अन्यत्र कुठे तरी बोलेल. "तुम्ही फक्त आठवण करून देणारे आहात, त्यांच्यावर नेमलेले दारोगा नाही" हा ८८ व्या सूरतीतील २१ आणि २२ या आयतींचा आशय तर खुद्द पैगंबरांना उद्देशून आहे. आपण त्यांच्याहून अधिक अधिकार कुठून आणणार?

मनाचिये_वाटा

शंका आणि आजार यांतील सीमारेषेविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. एखादे मूल वुजू (नमाजेआधी हातपाय धुणे) पुन्हा पुन्हा करते, नमाज चुकली असे वाटून तीच रकात (नमाजेचे एक आवर्तन) अनेकदा म्हणते, मनात येणाऱ्या विचारांनी तासन्‌तास छळले जाते, तेव्हा त्याला "वसवसा (मनात येणारी कुशंका) आहे, दुर्लक्ष कर" एवढे सांगून भागत नाही. मंत्रचळासारखा मानसिक विकार धार्मिक रूप घेऊन येऊ शकतो आणि त्यावर उपचार आहेत. अशा मुलाला तज्ज्ञाकडे पाठवायला हवे. विशेष म्हणजे अशी मुले वर्गात अत्यंत धार्मिक आणि मेहनती दिसतात, त्यामुळे कोणाला संशय येत नाही. नववे-दहावे शतक पाहिलेल्या अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकाच ग्रंथात लिहिले होते आणि त्रास देणाऱ्या विचारांना त्यात स्वतंत्र जागा दिली होती, त्यामुळे उपचार घेणे म्हणजे ईमानाची कमतरता ही समजूत परंपरेलाही धरून नाही.

दुसरी मर्यादा गुप्ततेची. उस्ताद शिकवतो, परीक्षा घेतो आणि पालकांना भेटतोही. त्यामुळे "तू सांगितलेले कोणालाही कळणार नाही" असे वचन त्याने देऊच नये. मारहाण, छळ किंवा जिवाला धोका असेल, तर ते योग्य ठिकाणी सांगावेच लागेल, हे मुलाला बोलण्याआधी कळले पाहिजे. बाकीचे, उदाहरणार्थ "आज चार वाटते", हे पालकांना सांगायचे की नाही, ते मुलाला विचारून ठरवावे.

दोन_मुलांची_आई

ताईंनी सांगितल्याप्रमाणे तिला नेमके सांगायला सुरुवात केली. काल तिने विचारले, "मी कुठे अडखळत होते ते तुला आठवते?" भेटीचा विषय निघाला नाही. अर्थात एका दिवसावरून काही ठरत नाही. धागाकर्त्यांना विचारायचे होते की त्या तेरा वर्षांच्या मुलाचे पुढे काय झाले?

अलिफपासून

तो अकरा पाऱ्यांपर्यंत आला आणि तिथे त्याने स्वतःहून थांबायचे ठरवले. मंजिल चालू आहे, नवा सबक बंद आहे, आणि अर्थासह वाचन करणाऱ्या गटात तो बसू लागला आहे. आपण पाठ केलेल्या आयतींचा अर्थ कळल्यावर तो एकदा मोठ्याने "अच्छा!" म्हणाला, तसा आवाज मी त्याच्याकडून कधी ऐकला नव्हता. हिफ्जकडे तो परत वळेल का, मला ठाऊक नाही.

वडील मात्र नाराज आहेत, आणि मुलाचा "नाही" घरात पोहोचल्यावर त्याचे काय होते, असे शंकेखोर यांनी जे विचारले होते ते इथेच येऊन ठेपते. "हाफिज कधी होणार?" असे ते दर भेटीत विचारतात. मागच्या भेटीत मी त्यांनाही तोच प्रश्न विचारला, शून्य ते दहा. ते क्षणभरही न थांबता म्हणाले, "दहा." मी विचारले, "आणि तुमच्या मुलाचे किती असेल, असे तुम्हाला वाटते?" त्यांनी आठ म्हटले, मग सहा म्हटले, मग म्हणाले की हे त्यालाच विचारायला हवे. मुलाची तयारी आहे का, ते मी त्याला विचारले. "तुम्ही शेजारी बसणार असाल तर," असे तो म्हणाला. शुक्रवारी तिघे बसणार आहोत.